कटिंगभर

माझं काम टाचेतून रक्त काढायचं.
टाच म्हणजे वाटाण्याएवढी जागा.
आधी कोमट फडक्यात धरायची, मग टोचायचं,
पहिला थेंब पुसायचा, दुसऱ्यापासून मोजायचं.
अकरा वर्षं झाली. परळच्या या तिसऱ्या मजल्यावर
आया मला 'टोचणाऱ्या मावशी' म्हणतात.

सहा नंबरच्या पेटीवर चिठ्ठी:
बेबी ऑफ हर्षाली तांडेल. मुलगी. अकराशे ग्रॅम.
नाव अजून नाही, ठेवायचा धीर कुणाला नाही.
ट्रॉम्ब्याहून येताना टॅक्सीतच आईचं रक्त सुटलं,
म्हणून बाळ घाईत काढलं, नाळही घाईत कापली.
मिनिटभर थांबता आलं असतं
तर नाळेत उरलेलं तिच्याकडे वळलं असतं.
मिनिट नव्हतं.

डॉक्टरबाई राउंडला म्हणाल्या,
"हिच्या सगळ्या अंगात मिळून रक्त किती?
शंभर मिली. फार तर."
शिकाऊ पोरांनी लिहून घेतलं.
मी खाली उतरले. गेटवरच्या शिवमूरतनं
कटिंगचा ग्लास पुढे केला
आणि मला तो ओठांपर्यंत नेता येईना.
एवढंच?
एवढ्यावर चाललंय सगळं?
काळीज, जावळ, उचक्या,
आणि कागदाच्या कडेहून पातळ ती नखं?

त्या रात्री सिलिंडरच्या तारखा लिहायच्या डायरीत
मागच्या पानावर बेरीज मांडली.
साखरेला अर्धा. काविळीला एक, पुन्हा एक.
जंतू आहेत का बघायला जरा जास्तच.
दोनदा नमुना गोठला, लॅबनं परत मागवला,
ते धरून
एकोणीस दिवसांत एकवीस मिली.
ग्लासातला पाचवा हिस्सा.
काढणारी मी.

वजन हलत नव्हतं. नळीनं दिलेलं दूध पोटात तसंच.
झोपेत श्वास घ्यायचा विसरायची,
तळव्याला टिचकी मारली की आठवायचा.
ठोके एकशे नव्वद,
निजल्या जागी कुठे धावत होती कोण जाणे.
टोचलं की तोंड उघडायची, कपाळाला आठ्या,
आणि आवाज नाही.
काचेपलीकडे कुणी ओरडावं तसं.

रिपोर्ट आला: सात पूर्णांक दोन.
हर्षालीनं विचारलं, "सात म्हणजे नापास ना?"
मग खालच्या आवाजात,
"माझंसुद्धा आठच होतं. त्या गोळ्यांनी मळमळायचं,
बोंबलांच्या वासात तर जास्तच.
पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या.
सासूला परवा सापडल्या, सगळ्याच्या सगळ्या.
माझ्यामुळेच का हो, मावशी?"
माझ्या पर्समध्ये एकवीस मिलीचा हिशेब.
"नाही गं," मी म्हटलं.
दोघींच्या वतीनं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डायरी डॉक्टरबाईंसमोर ठेवली.
त्यांनी सिलिंडरच्या तारखासुद्धा वाचल्या असाव्यात,
इतका वेळ बघत होत्या.
मग फॉर्मवरच्या तीन तपासण्यांवर काट मारली,
म्हणाल्या, "यापुढे छोट्या नळीत. आणि आज रक्त देऊ."

सोळा मिली. बोटाएवढी सिरिंज,
पंप ती ढकलतो, घड्याळाच्या तासकाट्यासारखी,
हलताना दिसत नाही.
पिशवीवर फक्त नंबर. भांडुपच्या कुठल्याशा शिबिरात
बाह्या वर सारून कुणी आडवा झाला असेल,
बिस्किटाचा पुडा घेऊन घरी गेला असेल,
त्याला काय माहीत.
चौथ्या तासाला आधी कान गुलाबी झाले.
मग ओठ, म्हणजे मला तरी तसं वाटलं,
दिवे तिथले पिवळट आहेत.

आज सकाळी पुन्हा माझ्याच नावावर चिठ्ठी.
फडकं कोमट केलं. हर्षाली पेटीजवळ उभी होती,
तिच्याकडे न बघता टोचलं.

आणि ती रडली!
असली रडली की चार नंबरची जागी झाली,
सिस्टरनं मान वर करून बघितलं,
आणि हर्षाली, तोंडावर पदर धरून,
हसायला लागली.

मी दुसरा थेंब मोजला.
डायरीत लिहिलं: शून्य पूर्णांक तीन.